केळ्याचे वॉफल, जवसाचा चिकटा आणि सकाळचा नाश्ता

वर्षावासाच्या दिवसांत आमच्या विहारात दर रविवारी सकाळी मुलांचा धम्मवर्ग असतो. यंदा एका रविवारी वंदना चालू असताना आठवीतली एक मुलगी बसल्या जागी कलंडली. तिला आडवी करून पाय उंच धरले, शुद्धीवर आल्यावर साखर-मिठाचे पाणी दिले आणि मग विचारले, सकाळी काय खाल्ले? तिने खाली बघत सांगितले, "चहा पिली." आदल्या रात्री नऊला जेवण, सकाळी सातला एक कप चहा आणि आता साडेदहा वाजलेले. वर्गातल्या बाकीच्या मुलांना विचारले तर निम्म्यांचे उत्तर असेच होते. कुणी चहात बुडवून टोस खाल्लेला, कुणी पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा, कुणी काहीच नाही.

म्हणून ठरले की वर्गानंतर मुलांना खाऊ द्यायचा. बिस्किटे नकोत, घरी करता येईल असे काहीतरी. मुलांनाच विचारले, काय हवे? सहावीतली एक पोरगी लगेच म्हणाली, "वॉफल." कॉलेज रस्त्यावर गाडी लागते, तिथे चॉकलेट ओतलेले वॉफल मिळते, ते तिने एकदा वाढदिवसाला खाल्ले होते. आम्ही मोठ्या बायका हसलो. पण हसून सोडून देण्यासारखी ती गोष्ट नव्हती. आपल्या मुलांनी शहरातल्या इतर मुलांसारखे खायची इच्छा धरली तर त्यात हसण्यासारखे काय आहे? बाबासाहेबांनी आपल्याला शहराकडे जायला सांगितले ते फक्त कारखान्यात राबण्यासाठी नाही.

तेव्हा आम्ही बचत गटातल्या सात जणींनी वर्गणी काढून वॉफलचे विजेचे यंत्र आणले. त्यावर दोन महिने प्रयोग केले. या पानावर त्याच प्रयोगांचा हिशेब देत आहोत.

आधी वॉफल म्हणजे काय ते सांगतो. बेल्जियम, नेदरलँड्स या भागातला हा जुना पदार्थ आहे. दोन तापलेल्या लोखंडी पत्र्यांमध्ये पीठ दाबून भाजायचे, पत्र्यांवर चौकटी कोरलेल्या असतात, त्यांचा ठसा पदार्थावर उमटतो. आमच्या मंडळातल्या सत्तरीच्या आजींनी पहिले वॉफल हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि म्हणाल्या, "हे तं धिरडंच हाय ना वं, खिडक्या पाडलेलं." याहून अचूक व्याख्या आम्हाला सुचत नाही. चौकटींमुळे पिठाला तापलेल्या पत्र्याचा स्पर्श जास्त ठिकाणी होतो, म्हणून बाहेरून कुरकुरीत आणि आतून मऊ होते. बाकी सगळे धिरड्याचेच गणित.

मूळ वॉफलमध्ये मैदा, अंडी, दूध, लोणी आणि साखर असते. आम्ही केले ते अंडे, दूध, लोणी यांच्याशिवाय. फळाचा गोडवा घेतला, वरून साखर नाही. अशा प्राण्यांपासून आलेले काहीही नसलेल्या खाण्याला आता व्हीगन म्हणतात. हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये तयार झाला. त्यात दूध, तूप, दही तर नाहीच, मधही चालत नाही.

इथे काही वाचकांच्या कपाळावर आठी पडेल, आणि ती पडायला हवी. आंबेडकरी मासिकाच्या आरोग्याच्या पानावर बिनाअंड्याचा, बिनदुधाचा पदार्थ कशासाठी? कुणाला तरी शुद्ध-सात्त्विक व्हायचे आहे का?

आमचे उत्तर सरळ आहे. शाकाहारी म्हणजे वरचा आणि मांसाहारी म्हणजे खालचा, ही उतरंड जातीची आहे, पोषणाचा तिच्याशी काही संबंध नाही. घर भाड्याने देताना आधी आडनाव आणि मग "नॉनव्हेज खाता का" असे विचारणारे लोक आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. देवदत्ताने भिक्खूंना मांस वर्ज्य करण्याचा नियम मागितला तेव्हा भगवान बुद्धांनी तो नाकारला, हे विनयात नोंदलेले आहे. आपल्यासाठी मारल्याचे पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंकाही नाही, अशी भिक्षा भिक्खूला घेता येत होती. बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गरजेपोटी मारणे आणि मारण्याची इच्छा बाळगून मारणे यांतला फरक उलगडून सांगितला आहे. तेव्हा अंड्याबद्दल आमच्या मनात कसलाही किंतू नाही. उलट अंडे हे गरिबाच्या ताटातले सगळ्यांत भरवशाचे प्रथिन आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे द्यायचे ठरवले होते. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवला आणि अंडी हवी असतील तर शाळांनी लोकसहभागातून द्यावीत असे सांगितले. ज्या वस्तीतले लोक वर्गणी काढू शकतात तिथल्या मुलांना अंडे, बाकीच्यांना नाही, असा त्याचा अर्थ होतो. आमचा त्याला विरोध आहे. तो आम्ही शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत लेखी दिला आहे, तुम्हीही द्या.

मग हे वॉफल बिनाअंड्याचे का? कारण आमच्या वर्गात एका मुलाला अंड्याची ॲलर्जी आहे. अंडे खाल्ले की ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात. दोन मुलांना दूध प्यायले की पोटात मुरडा येऊन जुलाब होतात. दुधातली साखर पचवणारे पाचकद्रव्य आपल्या देशात मोठ्या माणसांपैकी अनेकांच्या आतड्यात कमी असते, त्यात कसला दोष नाही. आणि तिसरे कारण पैशाचे. पंचवीस मुलांसाठी दूध, लोणी, अंडी आणायची म्हणजे महिन्याची वर्गणी एका रविवारी संपते. सगळ्यांना एकाच पंगतीत एकच पदार्थ खाता यावा एवढाच हेतू होता. ज्यांना अंडे चालते त्यांनी बाजूला एक उकडलेले अंडे जरूर खावे.

आता प्रयोग. पहिल्या रविवारी फजिती झाली. फळ जास्त तितके चांगले असे समजून आम्ही चार केळी कुस्करली, कणीक थोडीच घातली, तेल घातलेच नाही, आणि दोन मिनिटांत झाकण उघडून पाहिले. वॉफल मधोमध फाटले, अर्धे वरच्या पत्र्याला, अर्धे खालच्या पत्र्याला. मुले चमच्याने खरवडून खात होती आणि त्यांना ते आवडलेही, पण आम्हाला यंत्र पुसायला तासभर लागला.

चुकले काय ते नंतर नीट बसून पाहिले. अंडे वॉफलमध्ये दोन कामे करते. तापले की त्यातले प्रथिन घट्ट होते आणि पीठ एकत्र धरून ठेवते, आणि फेसल्यामुळे हवा धरून पदार्थ हलका करते. ते काढले तर ही दोन्ही कामे दुसऱ्या कुणीतरी करायला हवीत. केळे थोडे बांधून धरते, पण त्यात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणी असते. केळे वाढवले की पाणी वाढते, आणि ते वाफ होऊन निघून जाईपर्यंत वॉफल ओलेच राहते. वर केळ्यातली साखर पत्र्याला चिकटते.

बांधून धरण्याचे काम जवस करतो. विदर्भातल्या घरात जवसाची चटणी असतेच, त्यामुळे हे सामान आणायला कुठे जायला नको. जवस कोरडा, न भाजता मिक्सरमधून बारीक करा. एक टेबलचमचा पूड, तीन टेबलचमचे पाणी, दहा मिनिटे ठेवा. जवसाच्या टरफलात एक चिकट पदार्थ असतो, तो पाणी शोषून अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत होतो. भाजलेल्या जवसाची पूडही चालते, पण आमच्या हाताला चिकटा कमी आला. पूड फार दिवस साठवू नका, जवसाच्या तेलाला लवकर खवट वास येतो. आठवडाभराची करा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

हलके करण्याचे काम बेकिंग पावडरचे. तिच्यात खाण्याचा सोडा आणि कोरडे आम्ल दोन्ही असतात, ओले आणि गरम झाले की कर्बवायूचे बुडबुडे सुटतात. नुसता सोडा घालायचा असेल तर आंबट काहीतरी हवे, नाहीतर साबणासारखी चव येते. नागपूरच्या संत्र्याचा मोसम असेल तेव्हा पाण्याऐवजी अर्धी वाटी संत्र्याचा रस आणि पाव चमचा सोडा, एवढ्यात काम होते. रक्तदाब असणाऱ्यांनी मात्र सोडा आणि बेकिंग पावडर दोन्हींत सोडियम असते हे लक्षात ठेवावे. मिठाचे पथ्य पाळायचे आणि खारी, टोस, बेकरीचा माल खात राहायचे, याला पथ्य म्हणत नाहीत.

शेवटी जमले ते प्रमाण असे. मध्यम आकाराची चार वॉफल होतात. चांगली पिकलेली दोन केळी, सोलून साधारण २०० ग्रॅम. कणीक १०० ग्रॅम, नाचणीचे पीठ ५० ग्रॅम. नाचणी नसेल तर ज्वारीचे पीठ घ्या. दाण्याचे कूट ३० ग्रॅम, म्हणजे वर आलेले तीन टेबलचमचे. वर सांगितलेला जवसाचा चिकटा. बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा, मीठ दोन चिमटी, तेल दीड टेबलचमचा, अर्ध्या लिंबाचा रस, आणि पाणी १२० ते १५० मिलिलिटर.

केळी काट्याने किंवा हाताने अगदी बारीक कुस्करा, गाठी राहिल्या की त्या जागी वॉफल चिकटते. त्यात जवस, तेल, लिंबू आणि थोडे पाणी घालून सारखे करा. दुसऱ्या भांड्यात कोरडे जिन्नस नीट मिसळा. मग कोरडे ओल्यात घाला आणि पीठ दिसेनासे होईपर्यंतच ढवळा. पोळीची कणीक मळतो तशी मेहनत इथे करायची नाही. गव्हातले चिवट प्रथिन घोटले की ताणले जाते आणि वॉफल रबरासारखे होते. पीठ इडलीच्या पिठाएवढे घट्ट हवे. दहा मिनिटे झाकून ठेवा, नाचणीला पाणी प्यायला वेळ लागतो.

यंत्र आधी पूर्ण तापू द्या. दोन्ही पत्र्यांना ब्रशने तेल लावा, वरच्यालाही. मधोमध डावभर पीठ घाला, कडेपर्यंत पसरवू नका, झाकण दाबले की ते आपोआप पसरते. आणि मग उघडू नका. हा सगळ्यांत कठीण भाग आहे, विशेषतः भोवती पंचवीस मुले उभी असताना. बाजूने वाफ निघत असते. ती जवळजवळ थांबली म्हणजे आतले पाणी उडाले. आमच्या यंत्राला पाच ते सहा मिनिटे लागतात. झाकण उचलताना जड वाटले तर सोडून द्या, आणखी एक मिनिट थांबा. सुरीने खरवडू नका, पत्र्यावरचा लेप निघतो. लाकडी उलथने वापरा. काढलेले वॉफल ताटात एकावर एक ठेवले तर वाफेने मऊ पडतात, जाळीवर किंवा पालथ्या चाळणीवर वेगवेगळे ठेवा. यंत्राचा प्लग काढून, थंड झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा, नळाखाली कधीही धरू नका.

यंत्र नसेल तर? तर काही अडत नाही. हेच पीठ आप्पेपात्रात घाला, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी. किंवा सरळ लोखंडी तव्यावर जाड धिरडे घाला. पोषणाच्या बाजूने पाहिले तर आम्ही तव्याच्या धिरड्याला वरचा नंबर देऊ. लोखंडाच्या भांड्यात शिजवलेल्या अन्नात, विशेषतः आंबट असेल तर, थोडे लोह उतरते. पीठात लिंबू आहेच. यंत्राच्या लेप दिलेल्या पत्र्यातून काही उतरत नाही, आणि उतरू नये हेच बरे. विजेचे म्हणाल तर ७५० वॅटचे यंत्र वीस मिनिटे चालले तर पाव युनिट जाते.

केळी कोणती घ्यायची, हा प्रश्न बऱ्याच जणींनी विचारला. हिरवट नको, पिवळीधमकही नको. सालीवर तपकिरी ठिपके पडलेली, हाताला मऊ लागणारी घ्या. केळे पिकते तसा त्यातला पिठूळपणा साखरेत बदलत जातो, म्हणून डागाळलेले केळे सगळ्यांत गोड. जळगावकडचा माल संध्याकाळपर्यंत गाडीवर राहिला की विक्रेता तो कमी भावात काढतो. तोच आपल्या कामाचा. आत मात्र काळे, आंबलेले किंवा बुरशी असलेले नको, ती काटकसर अंगाशी येते.

केळ्याऐवजी पिकलेला चिकू किंवा पपई वापरून पाहिली. चिकूचे वॉफल मुलांना फार आवडले, रंग गुळाच्या पोळीसारखा येतो. पपईचे पाणचट झाले, पाणी अगदी कमी घालावे लागते. हिवाळ्यात पेरूचा गर बिया गाळून घातला, वास सुरेख आला, पण चव फिकी पडली. पेरू कच्चाच वर चिरून घ्यावा हे कळले. सीताफळाचा गर काढताना एवढा वेळ गेला की पुन्हा कुणी नाव काढले नाही.

वर काय घालायचे यावर खरे म्हणजे आरोग्याचा जास्त भाग अवलंबून आहे. गाडीवर चॉकलेटचे पातळ सरबत आणि आइस्क्रीम असते. आम्ही वर ताजे फळ घालतो: संत्र्याच्या फोडी, पेरूचे काप, उन्हाळ्यात आंबा. याचे कारण शोभा नाही. नाचणी, ज्वारी, गहू, दाणे यांत लोह आहे, पण धान्यातले लोह आपल्या आतड्याला सहज उचलता येत नाही. त्याच घासाबरोबर क जीवनसत्त्व मिळाले तर ते जास्त शोषले जाते. क जीवनसत्त्व उष्णतेने नष्ट होते, म्हणून पिठात घालून भाजलेल्या फळातून ते फारसे मिळत नाही, वर कच्चे फळ हवे. १०० ग्रॅम पेरूत साधारण २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, संत्र्याच्या कितीतरी पट, आणि पेरू संत्र्यापेक्षा स्वस्तही. आवळा मिळाला तर किसून थोडा मीठ लावून बाजूला द्या. आणि चहा? चहातले तुरट द्रव्य नेमके उलटे काम करते, लोहाला बांधून ठेवते. म्हणून नाश्त्याबरोबर चहा नको. तास-दीड तासाने प्या. या एका सवयीत बदल करायला पैसा लागत नाही, तरी आमच्या घरी सगळ्यांत जास्त विरोध त्यालाच झाला.

रक्त कमी असण्याचा प्रश्न किती मोठा आहे ते आकड्यांत सांगतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये आणि ६ ते ५९ महिन्यांच्या ६८.९ टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे विहारात शेजारी बसलेल्या दोघींपैकी एकीला. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदर स्त्रीचे ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय म्हणतात. दम लागणे, चक्कर, काम उरकत नाही, माती किंवा खडू खावासा वाटणे, ही त्याची लक्षणे. बायका त्याला आळस म्हणतात आणि स्वतःलाच दोष देतात. वॉर्डात आम्ही सहा-सात हिमोग्लोबिन घेऊन बाळंतपणाला आलेल्या किती जणी पाहिल्या. त्यांपैकी बहुतेक जणी घरात सगळ्यांत शेवटी जेवणाऱ्या होत्या.

त्यामुळे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. वॉफलने रक्त वाढत नाही. लालभडक डाळिंब आणि बीट खाल्ल्याने रक्त वाढते, सफरचंद कापल्यावर तपकिरी पडते म्हणजे त्यात लोह आहे, खजूर-गूळ खाल्ले की झाले, हे सगळे समज आहेत. सफरचंद तपकिरी पडते ते त्यातल्या पाचकद्रव्याची हवेशी गाठ पडते म्हणून. खजुरात लोह आहे ते १०० ग्रॅमला मिलिग्रॅमभर. १०० ग्रॅम केळ्यात तर अर्धा मिलिग्रॅमही नाही. फळे इतर कारणांसाठी खायची. लोहासाठी पालेभाज्या, डाळी, तीळ, अळीव, आणि ज्यांच्या घरी खातात त्यांनी मटण, कलेजी, सुकट. मांसातले लोह शरीर सगळ्यांत सहज उचलते, हे कुणाला आवडो न आवडो. रक्त खूप कमी असेल तर खाण्याने भागत नाही, गोळी लागते. ती आरोग्य केंद्रात मोफत मिळते.

पण गोळी घेण्याआधी थांबा. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचा आजार आहे. आदिवासी बांधवांबरोबर आपल्याकडेही तो पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सिकलसेलच्या रुग्णाचे रक्त कमी असते ते लोह कमी म्हणूनच असे नाही, तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात म्हणून. ज्याला वारंवार रक्त चढवले आहे त्याच्या शरीरात लोह आधीच साठलेले असू शकते, अशा माणसाला शेजारणीच्या सांगण्यावरून लोहाची गोळी देणे धोक्याचे आहे. त्याला फॉलिक ॲसिड लागते, भरपूर पाणी लागते, थंडी-वाऱ्यापासून जपावे लागते. सकाळी उपाशी, पाणी न पिता शाळेत गेलेल्या सिकलसेलच्या मुलाला दुपारी हातापायांत असह्य कळा सुरू होऊ शकतात. आमच्या वर्गात असे एक मूल आहे. त्याच्यासाठी वॉफलपेक्षा त्याच्या दप्तरातली पाण्याची बाटली महत्त्वाची, आणि ती भरलेली आहे का हे आम्ही दर रविवारी बघतो. १ जुलै २०२३ पासून देशभर सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू आहे, तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. लग्न ठरवताना आपण पत्रिका बघणे सोडले हे चांगलेच केले. त्या जागी दोघांच्या सिकलसेल तपासणीचा कागद बघा. दोघेही वाहक असतील तर दर बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते.

पुन्हा वॉफलकडे. एका वॉफलमध्ये अर्धे केळे, पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि साधारण ७ ग्रॅम प्रथिने येतात. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात, पण अंड्यातले प्रथिन दर्जाने सरस, म्हणून बरोबरी झाली असे समजू नका. वॉफलबरोबर मटकीची किंवा चवळीची सुकी उसळ दिली तर नाश्ता पुरा होतो. गोडाबरोबर उसळ कशी लागेल असे वाटते, पण मुलांनी वॉफलच्या खिडक्यांत मटकी भरून खाल्ली. मधुमेह असणाऱ्यांनी एकच घ्यावे, उसळीसह, आणि दोन तासांनी एकदा साखर तपासून पाहावी, म्हणजे आपल्या शरीराला काय झेपते ते कळते. बिनसाखरेचे म्हणजे मधुमेहाला चालणारे असे नाही, केळ्यातली साखर साखरच असते. ज्यांचे मूत्रपिंड कमी काम करते किंवा डायलिसिस चालू आहे त्यांनी केळ्याचे काहीही डॉक्टरांना विचारूनच खावे, केळ्यात पोटॅशियम जास्त असते.

लहान बाळांबद्दल. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध. त्यानंतर केळे कुस्करून द्या, वॉफल वर्षाच्या पुढे, मऊ भागाचे छोटे तुकडे करून. अख्खे शेंगदाणे पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाती देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. दाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला कूट वगळून तीळ घालता येतील, पण तिळाचीही ॲलर्जी असते, म्हणून आधी थोडेसेच देऊन बघा. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका. व्हीगन वगैरे राहू द्या, मधात कधी कधी असे जंतू असतात की ज्यांचे विष तान्ह्या बाळाला लुळे पाडते.

ज्यांनी विचारपूर्वक पूर्ण व्हीगन व्हायचे ठरवले आहे, आणि आपल्या तरुण मुलांमध्ये असे काही जण आहेत, त्यांच्या निर्णयाचा आम्ही आदर करतो. सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आपण बावीस प्रतिज्ञांमध्ये घेतली आहे, तिचा अर्थ कुणी असा लावला तर ते समजण्यासारखे आहे. पण बाबांनो, बी-१२ जीवनसत्त्वाची गोळी घ्या. ते वनस्पतींत भरवशाने मिळत नाही. समुद्री शेवाळ, आंबवलेले पीठ, यांवर अवलंबून राहू नका. बी-१२ कमी पडले की आधी थकवा, मग तळपायाला मुंग्या, विसरभोळेपणा, चालताना तोल जाणे. उशीर झाला तर मज्जातंतूंचे नुकसान पुरते भरून येत नाही.

टिफिनसाठी एक सोय. रविवारी जास्त वॉफल करून थंड झाल्यावर डब्यात भरून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवता येतात, मध्ये केळीच्या पानाचा किंवा बटर पेपरचा तुकडा घालावा. सकाळी काढून सरळ तव्यावर मंद आचेवर दोन-तीन मिनिटे परतले की पुन्हा कुरकुरीत होतात. फ्रीज नसेल तर त्याच दिवशी संपवा, फळ असलेले पीठ उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबते. रात्री पीठ भिजवून ठेवण्याचा मोह झाला तर बेकिंग पावडर सकाळी घाला, नाहीतर बुडबुडे रात्रीच निघून जातात.

कलंडलेल्या मुलीचे हिमोग्लोबिन आरोग्य केंद्रात तपासले, ८.४ निघाले. सिकलसेलची तपासणी नकारार्थी आली, म्हणून लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. तिची आई पहाटे पाचला चार घरची धुणीभांडी करायला निघते, ती परत येईपर्यंत शाळेची वेळ झालेली असते. त्यामुळे "आईने नाश्ता द्यायला हवा" असे म्हणण्यात काही अर्थ नव्हता. आता ती मुलगी स्वतःच आदल्या रात्री कोरडे जिन्नस डब्यात मोजून ठेवते, सकाळी त्यात केळे कुस्करते आणि तव्यावर तीन धिरडी घालते. एक तिचे, एक धाकट्या भावाचे, आणि एक झाकून ठेवते, आई कामावरून आली की तिला.